जुनी गाडी, नवा धनी

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीनें ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांना केडगांवचें स्टेशन ठाऊक असेलच. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें या लहानशा गांवाचें नांव शंभर वर्षांपूर्वींच सातासमुद्रांपलीकडे गेलें. परंतु गांवाभोंवतालच्या काळ्या जमिनीचे गुण मात्र तेथें राहणाऱ्यांनाच माहीत असतात. उन्हाळ्यांत ती भेगाळून दगडासारखी होते, आणि मृगाचे दोन पाऊस पडले कीं तिचें लोणी होतें. उंसाला ती जितकी मानवते, तितकीच चाकांना ती वैरीण.

आमचें शेत याच शिवारांत, डांबरी सडकेपासून दोन किलोमीटर आंत, एका ओढ्यापलीकडे आहे. माझे वडील बंधु व वहिनी तेथें राहतात, आणि कृषिमहाविद्यालयाची पदवी घेऊन आलेला त्यांचा मुलगा शेती पाहतो. गेल्या वर्षीं श्रावणांत एका रात्रीं वहिनींच्या छातींत कळ आली. दारांत मोटार उभी होती, परंतु ती ओढ्यापर्यंतही पोंचली नाहीं. दोनशे पावलांवर चिखलांत पोटावर बसली. अखेर शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत गादी घालून वहिनींना सडकेवर आणावें लागलें. दवाखान्याचें दार दिसेपर्यंत दोन तास गेले. देवाची कृपा म्हणून निभावलें. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पुतण्यानें एकच ध्यास घेतला : चारही चाकांना जोर असलेली लहान गाडी घ्यावयाची, आणि नवी परवडत नाहीं म्हणून जुनी घ्यावयाची.

दिवाळीस तो पुण्याला आला तो मोबाईलमधलें छायाचित्र दाखवीतच. हिरव्या रंगाची जिप्सी, मांडीपर्यंत येणारे टायर, टपावर दिव्यांची माळ.

“काका, उद्यां इसार द्यायचा आहे. आणखी दोन गिऱ्हाइकें थांबलीं आहेत.”

“गाडीखालीं जाऊन पाहिलेंस का?” मीं विचारलें.

“खालीं काय पाहायचें?” तो हंसून म्हणाला.

मला हा प्रश्न सुचला तो शहाणपणामुळें नव्हे, ठेंच लागल्यामुळें. पंचवीस वर्षांपूर्वीं मी स्वतः एका जुन्या मोटारीच्या रंगावर भुललों होतों. पैसे मोजून गाडी घरीं आणली, पेढे वांटले, आणि सहा महिन्यांनीं कळलें कीं पूर्वीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तिच्यावर तसाच आहे. मध्यस्थानें हात झटकले. घरांतील एका मंगलकार्यासाठीं बाजूला ठेवलेली रक्कम त्यांत गेली. त्याबद्दल घरांत मला कोणी कधीं बोललें नाहीं, म्हणूनच तें अधिक लागतें. तेव्हां या खेपेस इसार थांबवून मी केडगांवास गेलों. या प्रकरणांत आम्हीं जें शिकलों, तें इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल म्हणून येथें मांडतों.

पहिला प्रश्न दादांनीं काढला. “गाडी घेण्यापेक्षां रस्ताच कां सुधारूं नये?” प्रश्न रास्त होता. एकत्र कुटुंबांतील पैसा हा एकाच्या हौसेचा नसतो. हिशेब केला तेव्हां दिसलें कीं सर्वांत वाईट अशा दोनशे पावलांवर मुरूम टाकणें आमच्या आटोक्यांत आहे, पण सगळी वाट आणि ओढा बांधून काढणें नाहीं. म्हणून मुरूम टाकला, आणि उरलेल्या वाटेसाठीं गाडी असें ठरलें. गरज अशी आधीं मोजली म्हणजे दिव्यांच्या माळेचा मोह निम्मा आपोआप कमी होतो.

दुसरी गोष्ट, या गाड्यांचें कुळ. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत विलिस व फोर्ड यांच्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ देशोदेशींच्या लोकांनीं जुन्या म्हणूनच विकत घेतल्या. आपल्याकडे महिंद्र मंडळींनीं मुंबईस जीपची जोडणी सुरू केली. १९८५ सालीं मारुतीनें सुझुकीच्या घडणीची जिप्सी आणली. तिचें पहिलें इंजिन अवघें ९७० घन सेंटिमीटरांचें. परंतु अंग हलकें असल्यामुळें चिखलांत ती मोठमोठ्या गाड्यांना भारी पडे. २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठीं तिची विक्री बंद झाली. महिंद्रची थार २०१० सालीं निघाली व २०२० सालीं तिनें नवें रूप घेतलें. सुझुकीची पांच दारांची जिम्नी २०२३ सालीं आली. चारही चाकांना जोर असलेली नवी गाडी घेऊं म्हटलें तर दहा लाखांत भागत नाहीं. म्हणून नवशिक्याची दृष्टि जुन्या जिप्सीकडे वळते, आणि हें विकणारे चांगलें जाणतात.

चौफुल्याकडचे एक वृद्ध मिस्त्री आमच्या ट्रॅक्टरचें काम वर्षानुवर्षें करीत आले आहेत. त्यांना बरोबर घेऊन आम्ही ती हिरवी जिप्सी पाहण्यास गेलों. त्यांनीं रंगाकडे पाहिलेंच नाहीं. जमिनीवर पोतें अंथरून ते गाडीखालीं शिरले आणि पेंचकसाच्या मुठीनें चासीवर ठोके देऊं लागले. तीन ठिकाणीं खणखणीत आवाज आला. चवथ्या ठिकाणीं, मागचा पाटा जेथें टांगलेला असतो तेथें, आवाज बद्द आला आणि काळ्या रंगाखालून गंजाची पापुद्री गळून पडली. जवळच जोडकामाचा ताजा टांका होता. मिस्त्री बाहेर येऊन हात पुशीत म्हणाले, “गाडी नवी दिसावी म्हणून वरून रंग देतात. खालून देतात तो कांहीं झांकायला.”

ही गोष्ट मनांत ठेवण्यासारखी आहे. इंजिन दुरुस्त होतें, गिअर बदलतां येतात, गाद्या नव्या शिवतां येतात. पण या जातीच्या गाडीचा सगळा भार ज्या लोखंडी सांगाड्यावर असतो, तोच कुजला किंवा वांकला असेल तर बाकी सर्व खर्च व्यर्थ. म्हणून परीक्षा खालून वर करावी : आधीं चासी, मग पाटे व त्यांचीं बुशें, मग पुढच्या चाकांमागील सांधे. त्या सांध्यांतून तेल किंवा ग्रीस पाझरत असेल तर आंतील सील गेलेलें असतें. गाडी धांवत असतां एका ठराविक वेगास सुकाणूचें चाक थडथडूं लागलें, तर पुढचे सांधे ढिले झाले आहेत असें समजावें.

आमच्या पुतण्याला ज्या मोठ्या टायरांचें फार कौतुक होतें, त्यांबद्दलही मिस्त्रींचें मत वेगळें होतें. मापापेक्षां मोठा टायर घातला कीं आंसावर व सुकाणूवर ताण येतो, ब्रेकला अधिक श्रम पडतात, आणि वेग दाखविणारा कांटा खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवितो. शिवाय मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें कारखान्याच्या मूळ घडणींत मनमानी फेरफार करतां येत नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निकालांत हें स्पष्ट केलें आहे. म्हणजे ज्या सजावटीसाठीं आपण अधिक पैसे मोजतों, तीच पुढें आपल्याला अडचणींत आणते.

दुसरी गाडी होती दिल्लीकडून आलेली एक डिझेल जीप. किंमत इतकी कमी कीं दादासुद्धां मोहांत पडले. दिल्लीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधनें आल्यापासून तिकडचीं जुनीं वाहनें इतर प्रांतांत स्वस्तांत येऊं लागलीं आहेत. त्यांत सर्वच वाईट असतात असें नाहीं. पण परप्रांतींच्या गाडीस तिकडील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, येथें कर भरून नवी नोंदणी करावी लागते, आणि हा खर्च किंमतींत धरलेला नसतो. आम्हीं कागद हातांत घेऊन इंजिनावरचा क्रमांक वाचला. तो कागदावरच्या क्रमांकाशीं जुळेना. विकणारा म्हणाला, “इंजिन बदललेंय, पहिल्यापेक्षां चांगलें आहे.” असेलही. परंतु ज्या इंजिनाची नोंद सरकारदप्तरीं नाहीं, तें कितीही चांगलें असलें तरी आपलें नव्हे. आम्ही चहा घेऊन परत आलों.

तिसरी गाडी सासवडच्या बाजूस एका वृद्ध बागाईतदारांकडे मिळाली. रंग उडालेला, गादी फाटलेली. पण मालकांनीं एक वही पुढें ठेवली. तींत तेल कधीं बदललें, क्लच कधीं घातला, हें तारखेवार लिहिलेलें होतें. चासीवर सर्वत्र जुनी धूळ आणि तिच्याखालीं जुनाच रंग. मिस्त्रींनीं गाडी नांगरलेल्या रानांत घेण्यास सांगितली. या गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारीं दुसरा एक लहान दांडा असतो. तो पुढच्या चाकांना इंजिनाशीं जोडतो, आणि दुसऱ्या खांचेंत टाकला कीं वेग कमी होऊन ओढ वाढते. नवशिका गिऱ्हाईक गाडी सडकेवर फिरवून पाहतो व खूष होतो. हा दांडा वर्षानुवर्षें जागचा हललेला नसला तरी त्याला पत्ता लागत नाहीं. म्हणून त्याची परीक्षा भुसभुशीत जमिनींतच करावी. कोरड्या सडकेवर तो जोडूं नये. कारण वळणावर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत, आणि चिखलांत घसरून जो फरक निघून जातो तो सडकेवर यंत्राच्या दांत्यांवर येतो. आमच्या गाडीनें ढेंकळांतून चढ काढला, आवाज केला नाहीं, आणि मिस्त्रींनीं प्रथमच मान डोलावली.

तरी त्या दिवशीं पैसे दिले नाहींत. माझी जुनी ठेंच मला आठवत होती. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला कीं तिची नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा यांची माहिती पाहतां येते. आम्हीं ती पाहिली. तर बोजा दिसला! पुतण्याचा चेहरा उतरला. मालकांनीं कर्ज केव्हांच फेडलें होतें. पण कर्ज फिटलें म्हणजे बोजा आपोआप उतरत नाहीं, हें त्यांना ठाऊक नव्हतें. बँकेच्या सहीचा ३५ क्रमांकाचा नमुना व दाखला परिवहन कार्यालयांत द्यावा लागतो. त्यांत पंधरवडा गेला. तेवढ्यांत दुसरें कोणी गाडी नेईल ही भीति होतीच; परंतु हातची गाडी गेलेली परवडते, गेलेले पैसे परवडत नाहींत. बोजा उतरल्यावर २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. विकणाऱ्यानें १४ दिवसांत कळवावयाचें व घेणाऱ्यानें ३० दिवसांत नांव बदलण्यासाठीं अर्ज करावयाचा, असा नियम आहे. विमाही १४ दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्यास अर्ज द्यावा. “नांव सावकाश बदलूं” असें म्हणणाऱ्याच्या गाडीला अपघात झाला कीं दोन्ही घरांना कोर्टाची पायरी चढावी लागते.

गाडीचें वयही विसरूं नये. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. नंतर तपासणी होऊन पांच-पांच वर्षांसाठीं ती वाढवून घ्यावी लागते. ही फी २०२२ सालीं ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, जुन्या गाड्यांसाठीं पुढें आणखी वाढली, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण करही द्यावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त कां मिळते, याचें उत्तर येथें आहे.

पैशांविषयीं आम्हीं एक नेम केला, तो वाचकांनाही सुचवितों. जेवढी रक्कम जमविली असेल तिचे पांच भाग करावे. चार विकणाऱ्यास द्यावे व पांचवा पेटींत ठेवावा. जुनी गाडी घरीं आली कीं पहिल्या दोन महिन्यांत आपलीं सर्व दुखणीं सांगते. आमच्या गाडीनें तेलें, ब्रेक, बुशें व टायर मागितले, आणि पांचवा भाग बहुतेक संपला. तो ठेवला नसता तर ब्रेकचें काम उद्यांवर गेलें असतें.

उरला नवा धनी. जिप्सी उंच, हलकी व आंखूड. तिला हवेच्या पिशव्या नाहींत. सोलापूर रस्त्यावर ती मोटारीसारखी पळविली तर उलटण्यास वेळ लागत नाहीं. मागच्या आडव्या बांकांवर मुलांना बसवून मोठ्या रस्त्यावर जावयाचें नाहीं, असें वहिनींनीं पहिल्या दिवशींच बजावलें. आणि सर्वांत मोठें भय पाण्याचें. एक फूट वाहत्या पाण्यांतही लहान मोटार तरंगूं लागते. दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात, मग जोर दोन चाकांना असो वा चार. म्हणून ओढ्यांत वाटेशेजारीं जो खडक आहे, त्यावर दादांनीं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. पाणी रेघेवर गेलें कीं गाडी थांबावयाची, असें ठरलें.

या आषाढांत मी केडगांवास होतों. संध्याकाळीं पुतण्या सडकेकडे निघाला. कांद्याच्या व्यापाऱ्याला तो वेळ देऊन बसला होता. वीस मिनिटांनीं गाडीचा आवाज परत आला. अंगणांत उतरून तो वहिनींना म्हणाला, “आई, रेघ दिसत नाहीं. आज जात नाहीं.” व्यवहाराचे चार पैसे बुडाले असतील. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं चहाचें आधण ठेवलें. दादा मात्र हळूच मला म्हणाले, “आतां ही गाडी याची झाली.”

आठ दिवसांनीं पाणी उतरलें होतें, पण चिखल तसाच होता. वहिनींना तपासणीसाठीं दवाखान्यांत न्यावयाचें होतें. लहान दांडा खालीं ओढून पुतण्यानें गाडी सावकाश ओढ्यांत घातली व पलीकडे काढली. सडक गांठण्यास बारा मिनिटें लागलीं.