अलार्म वाजला आणि कुणीच उठलं नाही

गेल्या महिन्यात एका इंटर-कॉलेज क्विझचं कव्हरेज करायला मला पाठवलं होतं. हॉटेलचा बँक्वेट हॉल, दोनेकशे मुलं, फायनल राऊंड सुरू. आणि अचानक फायर अलार्म वाजायला लागला. कानठळ्या बसतील असा.

काय झालं असेल? सगळे धावत सुटले? छे! क्विझमास्टर हसला, मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली, दोघांनी मोबाइल काढून रील शूट केलं. मिनिटाभराने आवाज बंद झाला. दारात येऊन एक कर्मचारी म्हणाला, "काही नाही, रोजचंच आहे." टाळ्या पडल्या आणि पुढचा प्रश्न विचारला गेला.

आता खरं सांगते. मीही उठले नाही. वही मांडीवर तशीच ठेवून बसून राहिले. घरी जाताना डोक्यात एकच प्रश्न होता. 'रोजचंच आहे' हे त्यांनी म्हटलं आणि आपण दोनशे जणांनी ते लगेच मान्य कसं केलं?

घंटा असते, तरी

आगीच्या बातम्या आपण वाचतो. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडेच्या नाइट क्लबमध्ये २५ जण गेले, त्यातले बहुतेक तिथे काम करणारे होते. दोन दिवस स्टोरीज टाकल्या जातात, 'परवाना होता का' यावर चर्चा होते आणि विषय संपतो. पण जुनी प्रकरणं नीट वाचलीत तर लक्षात येतं, की जीव फक्त ज्वाळांनी जात नाही. धूर, बंद वाट आणि वेळेवर न मिळालेली सूचना हे तिघं मिळून घात करतात.

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ प्रेक्षक गेले. आग लागली होती खाली पार्किंगच्या बाजूला, ट्रान्स्फॉर्मरमध्ये. धूर वर बाल्कनीत पोहोचला. तिथे जादा खुर्च्या बसवून बाहेर जायची एक वाट बंद केलेली होती. 'बाहेर पडा' अशी घोषणाही झाली नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलमध्ये १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात अडकले आणि गुदमरले. मे २०१९ मध्ये सुरतच्या कोचिंग क्लासमध्ये २२ विद्यार्थी गेले. मुलांनी वरच्या मजल्यावरून मारलेल्या उड्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलेत. ती आपल्याच वयाची मुलं होती.

अलार्म खोटा का वाजतो?

आधी ही सिस्टिम कशी चालते ते बघू. छताला उलट्या वाटीसारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं असतं, तो स्मोक डिटेक्टर. भिंतीवरची लाल डबी म्हणजे कॉल पॉइंट. आग दिसली तर तो तुम्ही स्वतः दाबायचा असतो. या सगळ्यांच्या वायरी रिसेप्शन किंवा सिक्युरिटी केबिनमधल्या पॅनलला जातात. सिग्नल कुठल्या भागातून आला ते पॅनलवर दिसतं आणि हूटर वाजतो. पॅनलवर आवाज बंद करायचं बटणही असतं. आधी कुणीतरी त्या जागी जाऊन बघायचं आणि मगच ते दाबायचं, ही पद्धत. प्रत्यक्षात आधी बटण दाबलं जातं आणि बघायला बहुतेक वेळा कुणी जातच नाही.

खोट्या अलार्मची कारणं साधी असतात. डिटेक्टरमध्ये साचलेली धूळ, बाथरूममधली वाफ, किंवा चुकीच्या जागी बसवलेला डिटेक्टर. किचनमध्ये उष्णता ओळखणारा डिटेक्टर हवा. तिथे धूर ओळखणारा लावला, तर फोडणी टाकली की घंटा वाजणारच! चार वेळा असं झालं की वैतागून तो भाग पॅनलवरून बंदच करून टाकतात. मेंटेनन्सचे पैसे वाचतात आणि कटकटही मिटते. पण त्याच दिवसापासून तो डिटेक्टर निव्वळ शोभेचा होतो.

स्प्रिंकलरचंही असंच. सिनेमात एकाच वेळी सगळीकडे पाऊस पडतो, तसं खऱ्या हॉटेलात सहसा होत नाही. प्रत्येक स्प्रिंकलरला काचेची छोटी नळी असते. नेहमीची लाल नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि जिथे आग, तिथलाच स्प्रिंकलर सुरू होतो. पण पंप बंद असेल किंवा व्हॉल्व्ह कुणी फिरवून ठेवला असेल, तर नळी फुटूनही थेंब पडणार नाही.

आणि आपण?

सगळा दोष मॅनेजमेंटवर ढकलून मोकळं होता येत नाही. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला एका खोलीत बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून सांगितलं. पण सोबत दोन माणसं ढिम्म बसवून ठेवली, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले.

आमचा बँक्वेट हॉल तरी वेगळा कुठे होता? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता. शेजारी शांत, म्हणजे काही नसणार. आणि शेजारी शांत होता, कारण तो आपल्याकडे बघत होता.

कागद मागा

आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा आहे. त्यानुसार यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून 'यंत्रणा सुस्थितीत आहे' असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. फायर एनओसीबद्दल सगळेच विचारतात, पण एनओसीवरून यंत्रणा आज चालू आहे की नाही ते कळत नाही. ते या सहा महिन्यांच्या कागदावरून कळायला हवं. अर्थात तपासणी न करताच सही मारली असेल तर तोही कागदच. म्हणून त्याच्या जोडीला मॉक ड्रिल मागा.

मी सुरुवात आमच्या मुलींच्या हॉस्टेलपासून केली. मागच्या जिन्याच्या दाराला रात्री नऊनंतर कुलूप असायचं. कारण काय, तर मुलींची सुरक्षितता! किल्ली कुणाकडे, तर वॉचमन काकांकडे. काका कुठे, तर मेन गेटवर. रेक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पालकच सांगतात कुलूप लावा म्हणून." त्यांचंही अगदीच चूक नाही. बाहेरचा कुणी आत येऊ नये, ही भीती खरीच आहे. पण त्यावर उपाय आहे. बाहेरून न उघडणारं आणि आतून ढकललं की उघडणारं, आडव्या दांड्याचं दार मिळतं. मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही ते पाहिलं असेल.

आम्ही ३१ जणींनी सही करून अर्ज दिला. गेल्या आठवड्यात कुलूप निघालं. सध्या आतून फक्त कडी आहे, नवं दार 'बजेटमध्ये बघू' असं उत्तर मिळालंय. फॉर्म बी अजून बघायला मिळालेला नाही. परवा पुन्हा विचारणार आहे.

तुम्हीही या आठवड्यात एवढं करा. हॉस्टेल, क्लास, लायब्ररी, जिथे रोज बसता तिथली दुसरी वाट शोधा आणि ती शेवटपर्यंत चालून बघा. दार खरंच उघडतंय का, जिन्यात मोडकी बाकं तर नाहीत ना, ते बघा. धूर असेल तर खाली वाकून चालायचं, लिफ्ट वापरायची नाही, बाथरूममध्ये लपायचं नाही. बाहेर पडलात की १०१ किंवा ११२ वर फोन करा.

आणि अलार्म वाजला तर उठा. लोक हसतील, हसू देत. तुम्ही उठलात की शेजारचा उठेल, मग त्याच्या शेजारचा. त्या दिवशी दोनशे जणांत पहिलं उठणारं कुणीतरी हवं होतं. ती मी असू शकले असते.