विश्लेषण : व्हिडिओत मोजके कामगार, मागणी सर्वांना हटवण्याची, असे का होते?

नेमके काय घडले?
शनिशिंगणापूरच्या शनैश्वर देवस्थानाने जून २०२५ मध्ये १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. त्यांपैकी ११४ मुस्लिम होते. अनियमितता व शिस्तभंग हे कारण देवस्थानाने दिले. त्याआधी चौथऱ्यावर मुस्लिम कामगार काम करत असल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला होता. मुस्लिम कर्मचाऱ्यांना हटवा, अशी मागणी करत हिंदुत्ववादी संघटनांनी १४ जूनला मोर्चाचा इशारा दिला होता.

फरक कुठे?
गैरहजेरी माणसागणिक मोजता येते. कमी केलेल्यांत इतर ५३ जणही होते. मागणी मात्र धर्म पाहून सरसकट होती. व्हिडिओत न दिसलेलेही तिच्यात आले.

असे का होते?
अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस पेटिग्र्यू यांनी १९७९ मध्ये ही चूक मांडली. परक्या गटातील एकाची कृती खटकली, की तो साऱ्या गटाचा स्वभाव ठरतो. आपल्यातला चुकला, तर ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून सोडून दिले जाते.

कळीचा मुद्दा
कारण शिस्तभंगाचे असेल, तर कसोटी एकच : प्रत्येकाचा हजेरीपट स्वतंत्र तपासला गेला का? नोकरी एकेकाची जाते. हिशेबही एकेकाचाच हवा.