गाण्याच्या गल्ल्यावर कोण?

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमारेषा जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात, तिकीट खिडकी महाराष्ट्रात तर स्टेशनमास्तरांचे कार्यालय गुजरातेत, आणि उद्घोषणा चार भाषांत. परगावच्या प्रवाशाला याचे नवल वाटते. गावातील मुलांना वाटत नाही. त्यांचे कान मुळातच बहुभाषी असतात. घरी गुजराती किंवा मारवाडी, शाळेत मराठी, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी मावची वा भिली, दूरचित्रवाणीवर हिंदी. नवरात्रात गरबा, लग्नसराईत टिमली, आणि आता घरोघरच्या लग्नात अपरिहार्य झालेल्या संगीत संध्येत मुंबईकडची व पंजाबकडची अगदी ताजी गाणी.

या संगीत संध्येत सर्वाधिक टाळ्या मिळतात त्या लहान मुलांच्या नाचाला. महिनाभर आधी नृत्यशिक्षक ठेवलेला असतो, पोशाख सुरतेहून आलेला असतो. मद्याचे पेले, स्त्रीची कंबर आणि रात्रीची निमंत्रणे यांनी भरलेल्या गाण्यावर आठ-नऊ वर्षांची मुलगी एकही शब्द न चुकता ओठ हलवते, हावभावही तसेच करते, आणि समोरच्या खुर्च्यांतून मोबाईल उंचावले जातात. एखाद्या आजीबाईंनी कपाळाला आठी घातलीच, तर उत्तर ठरलेले असते : ‘‘तिला कुठे अर्थ कळतो?’’

हे उत्तर अर्धेच खरे आहे. मूल शब्द आधी पाठ करते आणि अर्थ मागाहून जुळवते. पाढ्यांचे असेच होते. बारा-तेराव्या वर्षी त्या गाण्याचा अर्थ उलगडतो, तेव्हा टाळ्या वाजवणारे काका, मामी आणि आजोबाही सोबत आठवतात. हे शब्द आपल्या घरात चालतात, एवढा निष्कर्ष काढायला त्या वयाला कुणाची मदत लागत नाही.

असा विषय निघाला की पहिली मागणी होते ती बंदीची. ही मागणी या देशात एकदा मोठ्या प्रमाणावर अमलात येऊन गेली आहे, आणि ती आणणारे मंत्री मराठी होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार होते; चित्रपटगीतांमुळे जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? रेडिओची सुई सरकवून कोलंबोचे रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज गावोगावच्या चौकांत पोहोचला. व्यापारी वाचकांनी आणखी एक नोंद करावी. ती गीतमाला एका टूथपेस्टच्या नावाने चालत होती; म्हणजे श्रोत्यांबरोबर जाहिरातीचा पैसाही परदेशी नभोवाणीकडे वळला. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू स्वच्छ होता आणि शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी केलेले काम मोठे होते. परंतु ध्वनिलहरींना जकात नाका नसतो.

१९९३ च्या ‘खलनायक’ चित्रपटातील चोळीवरील द्वयर्थी गाण्याविरुद्ध लोक न्यायालयापर्यंत गेले. कॅसेटचा खप काही थांबला नाही. पुढच्याच वर्षी ‘खुद्दार’मधील एका गाण्यातील इंग्रजी शब्दावर आक्षेप आला आणि पडद्यावर त्याच्या जागी ‘बेबी’ हा शब्द घालण्यात आला. पडद्यावर शब्द बदलला, पण मूळ शब्दासह ते गाणे कॅसेटवर वाजतच राहिले. यातील मर्म असे की १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा प्रमाणपत्र देतो ते चित्रपटाला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील मुलांसाठी वेगवेगळ्या श्रेणी आल्या आहेत. नुसत्या ध्वनिमुद्रित गाण्याला मात्र असे कोणतेही प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही.

अमेरिकेने निराळा मार्ग धरला. १९८५ साली सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि इतर काही महिलांनी पालकांची संघटना उभारली. प्रिन्स या गायकाचे एक गाणे आपल्या मुलीच्या कानी पडल्याचे निमित्त झाले होते. त्या वर्षी सिनेटसमोर सुनावणी झाली. गायक जॉन डेन्व्हर यांनी तेथे सांगितले की डोंगराच्या सौंदर्यावरील त्यांच्या साध्या गाण्यालाही मादक पदार्थांचे गाणे समजून काही नभोवाणी केंद्रांनी दूर ठेवले होते. वेष्टनावर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लावण्याची प्रथा १९९० मध्ये स्थिर झाली. चिठ्ठीचा परिणाम दिसला तो वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांनी असा माल ठेवण्यास नकार दिला तेव्हा. मग कंपन्या एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या काढू लागल्या, एक मूळ आणि एक सोज्वळ. सिनेटला जे साधले नाही ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आज तो गल्लाच राहिलेला नाही. कॅसेटच्या काळात निदान दुकानदार ओळखीचा असे आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यायचे, हे त्याला कळत असे. आता स्पॉटिफायसारख्या ॲपवर इंग्रजी ‘ई’ अक्षराची खूण असते आणि अशी गाणी बंद ठेवण्याची सोयही सेटिंगमध्ये असते. ती पालकांनी अवश्य वापरावी. परंतु तिच्यावर विसंबू नये. ही खूण गाण्याचे हक्कदारच लावून देतात, आणि ती मुख्यतः उघड शिवीला वा उघड वर्णनाला लागते. आपल्याकडील बाधा बहुतेक वेळा द्वयर्थाची असते. शब्द सोवळा, अर्थ ओवळा. तेथे खूण कशाला लावणार?

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९५ अश्लील वस्तू बालकाला विकणे वा दाखवणे हा गुन्हा ठरवते, तर कलम २९६ सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणे म्हणण्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. मात्र या दुसऱ्या कलमात इतरांना त्रास होण्याची अट आहे. ज्या सभागृहात सगळेच ठेका धरून उभे आहेत, तेथे त्रास झाला कुणाला? नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात गायक हनी सिंग यांच्याविरुद्ध अश्लील गाण्यांबद्दल नोंदलेले प्रकरणही सर्वांना ठाऊक आहे. ती गाणी आपली नाहीत, असा त्यांचा बचाव होता. आवाजाचा नमुना देण्यासाठी ते २०२२ साली नागपुरात आले. तक्रार त्याच्या कितीतरी वर्षे आधीची. न्यायालयाची गती न्यायालयाला, पण तेवढ्या काळात तिसरीतले मूल दहावीला पोहोचते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. शृंगार म्हणजे अश्लीलता नव्हे. राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या मराठीचे धन आहेत, आणि जैन कवींनी लिहिलेल्या नेमिनाथ-राजुलच्या बारमाशांत राजुलच्या विरहाचे वर्णन किती उत्कट आहे! फरक आहे तो स्थळाचा आणि वयाचा. तमाशाची कनात रात्री उभी राहत असे आणि आत कोण जातो, हे गावाला दिसत असे. मोबाईलला कनात नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अनर्थदंडविरती व्रताचे अतिचार सांगताना पहिले दोन दिले आहेत ते ‘कंदर्प’ आणि ‘कौत्कुच्य’ : विकाराने प्रेरित असभ्य थट्टेचे बोलणे, आणि तेच बोलणे अंगविक्षेपांसह करणे. गाणे आणि त्यावरील नाच यांचे इतके नेमके वर्गीकरण कोणत्याही सेन्सॉर मंडळाला जमलेले नाही. प्रतिक्रमणात ही नावे उच्चारली जातात. संगीत संध्येच्या दिवशी आठवत नाहीत, एवढेच. स्तवनांनाही चित्रपटगीतांच्या चाली लावल्या जातात, हे खरे. ती परंपरा जुनी आहे. मध्ययुगीन जैन कवी लोकगीतांच्या ‘देशी’ घेत आणि रचनेच्या माथ्यावर चालीचे नाव लिहीत. परंतु पाठशाळेत स्तवन म्हणताना मुलाच्या मनात मूळ गाण्याचे शब्द घोळत असतील, तर चाल निवडणाऱ्याने अधिक जपून निवडायला हवी.

लग्नसराईसाठी सभागृह, केटरर आणि डीजे यांना दिवाळीच्या आसपास बयाणा दिला जातो. केटररला कागदावर लिहून दिले जाते : कांदा, लसूण, बटाटा नको, कोणतेही कंदमूळ नको, चौविहार करणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी. तो अजैन असला तरी हे सारे काटेकोर पाळतो, कारण अट लेखी असते आणि उरलेली रक्कम नंतर मिळायची असते. डीजेला मात्र फक्त वेळ आणि स्पीकरची संख्या सांगितली जाते. त्याच दिवशी, त्याच कागदाच्या मागील बाजूस, मुलांच्या नाचाच्या गाण्यांची यादी लिहिता येते. ती लिहिण्यापूर्वी घरातील एका जाणत्या व्यक्तीने प्रत्येक गाण्याचे शब्द मिळवून, चाल बाजूला ठेवून, जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर नुसते वाचून दाखवावेत. पंजाबी शब्द अडला तर त्याचा अर्थ शोधून मगच पुढे जावे. जे गाणे आजोबांसमोर वाचता येणार नाही, ते नातीच्या नावापुढे लिहिले जाणार नाही.