कपाशीची हांक

वृक्ष ऐकतात, पाहतात, सुखदुःख जाणतात, असें महाभारताच्या शांतिपर्वांत भृगूंनीं भरद्वाजांस सांगितलें आहे. पुष्कळ वाचक हें केवळ काव्य मानीत असतील. परंतु आमच्या जळगांव-धुळ्याकडील काळ्या जमिनींतली कपाशी पाहिली म्हणजे या वचनाचा पुन्हां विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

अळी पान कुरतडूं लागली कीं कपाशीचें झाड हवेंत एक विशेष गंध सोडूं लागतें. न कुरतडलेल्या पानांतूनहि तो सुटतो. त्या गंधाच्या मागानें एक चिमुकली माशी येते व अळीच्या अंगांत अंडें घालते. अंड्यांतून निघालेला किडा अळीस आंतून खाऊन टाकतो. कोणत्या जातीची अळी खात आहे, त्याप्रमाणें हा गंधहि बदलतो व त्यावरून माशी आपली अळी ओळखते, असें १९९८ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. शिवाय पानाच्या पाठीमागील शिरेवर मधुरसाची ग्रंथि असते; त्या गोडीनें मुंग्या येतात आणि आयताच पहारा होतो.

झाडास मेंदू नाहीं. तेव्हां याला बुद्धि म्हणावी कीं नाहीं, हा वाद पंडितांनीं करावा. आमचें सांगणें व्यवहाराचें आहे. पहिली अळी दिसतांच जहाल औषध फवारलें, तर अळीबरोबर ती माशीहि मरते. मग झाडाच्या हांकेस ओ देण्यास कोणी उरत नाहीं, आणि खर्च मात्र वाढत जातो. म्हणून ज्यांच्या घरीं शेती आहे, त्यांनीं फवारणीपूर्वीं शेतांत फिरून अळ्या मोजाव्या. शेजाऱ्याचा पंप चालू झाला, हें कांहीं कारण नव्हे.