तुमच्या ब्राउझरवर कुणाचा प्रयोग?

एखाद्या साइटवर हेडफोन नुसते बघितले, घेतले नाहीत, तरी पुढचे आठ दिवस ते क्रिकेटच्या स्कोअरपासून मिसळीच्या रेसिपीपर्यंत सगळीकडे तुमच्या मागे फिरतात. ही करामत बहुतेक वेळा 'थर्ड पार्टी कुकी'ची. तुम्ही उघडलेल्या पानावर जाहिरात कंपनीचाही एक कोपरा असतो. ती तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवते आणि दुसऱ्या साइटवर तिचा कोपरा आला की चिठ्ठी वाचून ओळखते, अरे, हा तोच! १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी काढली ती साइटला साधी आठवण राहावी म्हणून. पाळतीचा उद्योग नंतरचा.

सफारीने मार्च २०२० मध्ये या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनेही त्यांना बांध घातला. राहिला क्रोम, आणि क्रोम ज्या कंपनीचा तिचं पोट जाहिरातींवर. म्हणून गूगलने मधला मार्ग काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'प्रायव्हसी सँडबॉक्स' जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये 'दोन वर्षांत कुकी हटवू' असा शब्द दिला गेला. कल्पना अशी, की तुमच्या आवडीनिवडीचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर नको, तुमच्या ब्राउझरमध्येच व्हावा आणि बाहेर जावी ती फक्त मोघम माहिती. कल्पना वाईट नव्हती. घोळ झाला तो चाचण्यांमध्ये.

पहिली मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये सुरू झाली. नाव 'फ्लॉक', म्हणजे थवा. सारखं ब्राउझिंग करणाऱ्या हजारो लोकांचा एक गट करायचा, गटाला नंबर द्यायचा आणि साइटला माणूस नाही, फक्त नंबर दाखवायचा. अमेरिका, ब्राझील, जपान, इंडोनेशिया अशा दहा देशांत ही चाचणी झाली आणि त्यात भारतही होता. सुरुवातीला निवडले गेले ०.५ टक्के ब्राउझर, म्हणजे दर दोनशेत एक. ज्यांचे ब्राउझर निवडले त्यांना आधी विचारलं गेलं नाही. 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या अमेरिकन संस्थेला शेवटी 'तुम्ही यात आहात का' हे तपासायचं पान काढावं लागलं.

युरोपियन युनियनमधले देश मात्र यादीत नव्हते. तिथे संमतीचा कडक कायदा होता. आपल्याकडे २०२१ मध्ये तसा कायदाच नव्हता. आता कुणी म्हणेल, एक नंबर मिळाला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं, की स्क्रीनचा आकार, फाँट, टाइमझोन अशा बारीकसारीक गोष्टींवरून तुमचा ब्राउझर ओळखायचं तंत्र आधीच आहे. त्यात गटाचा नंबर मिळाला की शोध कोट्यवधींतून एकदम काही हजारांवर येतो. ब्रेव्ह, विवाल्डी या ब्राउझरनी फ्लॉक घ्यायला साफ नकार दिला. जानेवारी २०२२ मध्ये गूगलनेच ते गुंडाळलं आणि 'टॉपिक्स' आणलं. त्यात ब्राउझर दर आठवड्याला तुमचे पाच ठळक विषय काढायचा, तीन आठवडे ठेवायचा आणि पाच टक्के वेळा मुद्दाम भलताच विषय सांगायचा, म्हणजे कुणाला खात्रीने काही म्हणता येऊ नये. ही युक्ती मला आवडली होती.

दुसरी मोठी चाचणी जास्त नीट आखलेली होती, पण त्याचं श्रेय ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला, म्हणजे 'सीएमए'ला द्यायला हवं. कुकी बंद झाल्या की बाकीच्या जाहिरात कंपन्या आंधळ्या होतील आणि गूगलकडे स्वतःचा डेटा राहीलच, ही त्यांची शंका होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी गूगलकडून बंधनकारक हमी घेतली. मग ४ जानेवारी २०२४ पासून क्रोमच्या एक टक्का, म्हणजे सुमारे तीन कोटी लोकांच्या कुकी बंद झाल्या.

स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्यांनी ही रचना बघावीच. तुलनेला दोन गट होते. एकात कुकी चालू, जसं आज आहे तसं. दुसऱ्यात कुकीही नाहीत आणि नवं तंत्रही नाही. तिसऱ्यात कुकी बंद, नवं तंत्र चालू. मधला गट नसता तर नव्या तंत्राने नुकसान किती भरून काढलं हे कळलंच नसतं. गूगलच्या आकड्यांत त्यांच्या अॅड मॅनेजरवरच्या साइट्सचं उत्पन्न कुकीशिवाय ३४ टक्क्यांनी घटलं, सँडबॉक्स असताना २० टक्क्यांनी. क्रिटिओ या फ्रेंच कंपनीने मात्र सरासरी ६० टक्के घट सांगितली.

इथेच एक पेच होता. बाजाराच्या एका टक्क्यासाठी कुठली कंपनी आपली सगळी यंत्रणा बदलेल? बोली लावणारेच कमी, म्हणून निकाल वाईट. निकाल वाईट, म्हणून बोली लावणारे कमी. आणि मोजलं काय जात होतं? उत्पन्न, क्लिक, पान उघडायला लागणारा वेळ. ज्या प्रायव्हसीच्या नावाने हा खटाटोप, तिचा रकाना मथळ्यांत कुठे दिसला नाही.

पुढचं थोडक्यात. जुलै २०२४ मध्ये कुकी हटवण्याचा बेत रद्द. एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्यांना वेगळं विचारण्याचाही रद्द. ऑक्टोबर २०२५ मध्ये टॉपिक्ससकट बहुतेक तंत्रं निवृत्त.

फक्त गूगललाच बोल लावून चालणार नाही. प्रायव्हसीवाला म्हणून मिरवणाऱ्या फायरफॉक्सनेही जुलै २०२४ मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजणारं असंच एक तंत्र न विचारता चालू करून ठेवलं आणि ऑस्ट्रियातल्या 'नॉयब' संस्थेने त्याविरुद्ध तक्रार केली. तंत्र कदाचित चांगलं असेलही, पण विचारायला काय हरकत होती?

अशा चाचण्या पुन्हा होतील. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीमध्ये या विषयावर काम चालूच आहे. तेव्हा भारत यादीत असेल, पण परिस्थिती वेगळी असेल. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. त्यातल्या नवव्या कलमानुसार १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं यांना मनाई आहे. म्हणजे अकरावी-बारावीतले बहुतेक सगळे. यदृच्छेने दोनशेत एक ब्राउझर निवडणाऱ्याला समोरचा सतरा वर्षांचा आहे की सत्तरचा, हे कसं कळणार? वय विचारायचं तर प्रायव्हसीच्या चाचणीसाठी आणखी एक माहिती गोळा करावी लागणार. संमती आधी घ्यायची तर स्वतःहून 'हो' म्हणणारेच चाचणीत येतील आणि निकाल एकांगी होतील, असं इंजिनिअर सांगतील. औषधांच्या चाचण्यांत हीच अडचण असते. तरी तिथे विचारतात, आणि काय मोजणार हे आधी लिहूनही ठेवतात.

तोवर क्रोममध्ये थर्ड पार्टी कुकी नेहमीसारख्या चालूच आहेत. सेटिंगमध्ये प्रायव्हसी आणि सिक्युरिटीखाली त्या बंद करता येतात. एखाद-दुसऱ्या साइटचं लॉगिन अडेल, तेवढ्यापुरत्या परत चालू करा. लॉगिन केलेल्या अॅपमध्ये मात्र या बटणाचा उपयोग नाही. तिथे तुम्ही नाव सांगूनच आत शिरलेले असता.