आपण ‘आकांक्षित’ की ‘आकांक्षी’?

जानेवारी 2018 मध्ये आपल्या जिल्ह्याला एक इंग्रजी विशेषण चिकटलं : ‘ॲस्पिरेशनल’. केंद्राच्या त्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद. 2023 मध्ये नाव बदलून धाराशिव झालं, विशेषण तसंच राहिलं.

हा शब्द मोठा गमतीशीर आहे. मुळात लॅटिन, अर्थ श्वासाशी जोडलेला. नर्सिंग करणाऱ्या मैत्रिणीला विचारा, ती म्हणेल ॲस्पिरेशन म्हणजे घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाणं. आपला साधा ठसका. पण बेशुद्ध पेशंटच्या बाबतीत हेच जिवावर बेततं. सुईने गाठीतलं पाणी ओढून काढतात, तेही ॲस्पिरेशनच. भाषाशास्त्राच्या तासाला हाच शब्द महाप्राणासाठी येतो. ‘दार’मधल्या ‘द’ला श्वासाचा जोर दिला की ‘धार’ होते. म्हणजे धाराशिवचं पहिलं अक्षरच ‘ॲस्पिरेटेड’ आहे, यादीत नाव येण्याच्या कितीतरी आधीपासून!

आणि मग आपला रोजचा अर्थ. पूर्वी ‘काय करतोस?’ला ‘एमपीएससी करतोय’ असं उत्तर असायचं. 2021 मध्ये ‘ॲस्पिरंट्स’ ही वेबसिरीज आली आणि आपण सगळे ॲस्पिरंट झालो. छान वाटतं ऐकायला. घरी पाहुणे आले की ‘बेकार’पेक्षा हा शब्द कितीतरी सोपा जातो. मात्र चौथ्या प्रयत्नानंतर, पुण्यातल्या खोलीचं भाडं घरून मागवताना, तोच शब्द ठसक्यासारखा घशात अडकतो.

जिल्ह्याचंही तसंच झालंय. आधी आपण ‘मागास’ होतो. शब्द अपमानाचा होता, तो गेला ते बरंच झालं. पण ‘मागास’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप यायचा : मागे ठेवलं कुणी? ‘ॲस्पिरेशनल’ म्हटल्यावर तो प्रश्न येत नाही. स्वप्न बघणाऱ्याला कोण जाब विचारतो?

मराठी भाषांतराने तर कमालच केली. हिंदीत ‘आकांक्षी जिला’ म्हणतात, म्हणजे इच्छा धरणारा. आपण लिहितो ‘आकांक्षित जिल्हा’. व्याकरण काढून बघा, ‘इच्छित’ म्हणजे ज्याची इच्छा केली ते. मग ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा कुणीतरी धरली तो. इच्छा धरणारे दुसरेच, आपण नुसते कर्म! एवढ्याशा प्रत्ययावर काय वाद घालायचा, असं म्हणाल. पण एमपीएससीच्या मराठीच्या पेपरला आपण याहून लहान गोष्टींवर मार्क घालवतो.

योजनेतून काही झालं नाही, असं माझं म्हणणं नाही. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, बँका-कौशल्यं आणि पायाभूत सुविधा अशा पाच विषयांतले आकडे सतत मोजले जातात, ही चांगलीच सवय आहे. फक्त क्रमांकाची बातमी वाचताना एक लक्षात ठेवा. तो ‘डेल्टा’ क्रमांक असतो. जिल्हा कुठे पोहोचला हे त्यात नसतं, आधीच्या तुलनेत किती सुधारला एवढंच असतं. वीस मार्कांवरून चाळीसवर गेलेला पोरगा सुधारणेत पहिला येतो, तरी त्याचे मार्क चाळीसच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘आपला जिल्हा अव्वल’ असं स्टेटस ठेवण्याआधी आपल्या तालुक्याचा एक तरी आकडा शोधा. कळंबचा, भूमचा, परंड्याचा, कुठलाही. आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लिहिताना ‘आकांक्षी’ लिहा. सर खोडतील कदाचित. खोडू द्या, कारण विचारा.