पेरणी निकालासाठी थांबत नाही

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात सोयाबीनवर प्रयोग घेतलेला एमएस्सीचा विद्यार्थी काढणीच्या दिवसांत दिवसभर प्लॉटवरच असतो. खुणेच्या झाडांवरच्या शेंगा मोजायच्या, मग शंभर दाण्यांचं वजन घ्यायचं. आकडे वहीत उतरतात आणि वहीतून थेसिसमध्ये जातात. नोकरीचा विषय निघाला की घरचे म्हणतात, "आधी डिग्री तर हातात येऊ दे."

बियाण्याच्या धंद्याला तेवढी सवड नसते. मृग लागायच्या आत माल कृषी केंद्रांत पोचावा लागतो. त्यामुळे खरिपासाठी माणसं हवी असतात ती उन्हाळ्यात. थेसिस जमा करून, व्हायवा देऊन, गुणपत्रिका घेऊन विद्यार्थी बाहेर पडेतो पेरण्या आटोपलेल्या असू शकतात. म्हणून कंपनीला पहिलं पत्र काढणीनंतर, हिवाळ्यातच जायला हवं.

शिक्षण संपण्याआधी लिहिलेल्या एका पोस्टकार्डाची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. महिलांनी अर्ज करू नये, अशी टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात त्यांनी वाचली आणि थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. ती होती तक्रार. पण तिच्यामुळे पुण्यात मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली.

वऱ्हाडात तर पत्त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. महाबीजचं, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाचं, मुख्यालय अकोल्यातच आहे. ते सरकारी महामंडळ असल्याने तिथल्या जागा जाहिरात निघूनच भरतात. पण बीजोत्पादन नि प्रक्रिया केंद्र पाहायची परवानगी मागायला जाहिरात लागत नाही. खासगी कंपन्यांची माणसं तर २७ डिसेंबरच्या पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास भरणाऱ्या अ‍ॅग्रोटेक प्रदर्शनात स्वतःच विद्यापीठाच्या आवारात येतात. हे फक्त बियाण्यापुरतं नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापड कारखाने आहेत. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. जिथे कापड रंगतं तिथे रंगाची पारख करणारा आणि सांडपाणी तपासणारा माणूस लागतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात रसायनशास्त्राची एमएस्सी करणाऱ्या मुलीने हे शेवटच्या सेमिस्टरआधीच हेरावं.

पत्र चार ओळींचं पुरे. प्रयोग कशावर, कोणत्या जमिनीत, कोणती निरीक्षणं स्वतः घेतली, आणि व्हायवा साधारण कधी. अपुरी पदवी पुरी झाल्यासारखी लिहू नये. न छापलेले आकडे गाईडच्या परवानगीशिवाय कुणाला पाठवू नयेत. ते काम विद्यापीठाचंही असतं. आणि पहिल्याच पत्रात नोकरी मागण्यापेक्षा अर्ध्या तासाची भेट मागावी. प्रक्रिया केंद्रावरच्या माणसाला उगवणशक्तीबद्दल दोन नेमके प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्याच्या लक्षात राहतो.

काही पत्रांना उत्तर येणार नाही. ज्याच्या घरात आजवर कुणी कंपनीच्या दारात पाऊल टाकलेलं नाही, त्याला ते फार लागतं आणि दुसरं पत्र लिहायला हात उठत नाही. इथे विद्यापीठांनी पुढे यायला हवं. येत्या अ‍ॅग्रोटेकमध्ये वाणांच्या फलकांशेजारी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे संशोधन विषय, विभाग आणि मार्गदर्शकांची नावं लावावीत, आणि त्या फलकापाशी विद्यार्थ्यांना स्वतः उभं राहू द्यावं.